सावखेडी पुलाचा थकवा

"नाव टाकलंस ते टाकलंस, अक्षरं तरी जरा लहान ठेवायची व बाई," लीलाधर फोनवर म्हणाला. "पार टोलनाक्यावरून वाचता येऊन राह्यलं. ‘लीलाधर बोरोले, चिंचखेडी.’ जत्रेत पहिलवानाचं लावतात तसं."

कल्याणीने लॅपटॉप बाजूला सरकवला. भाऊ चिडला की ओरडायचा. तो हसत बोलायला लागला, की फार लागलं आहे असं समजायचं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

"भाऊ, ते मी टाकत नाही. पुलाचं आयुष्य सगळ्यांत जास्त खाणाऱ्या दहा गाड्यांच्या मालकांची नावं यंत्रणा आपोआप पुलाच्या बोर्डावर लावते."

"आणि यंत्रणा कोणाची?"

यंत्रणा तिचीच होती.

सावखेडीचा पूल तापीवरचा. महामार्गाचा, पोलादी तुळयांचा, ऐंशी-ऐंशी मीटरचे गाळे असलेला. तीन वर्षांपूर्वी कल्याणीच्या गटाने त्या तुळयांच्या पोटाला एक करडा रंग दिला. दिसायला तो जहाजाला देतात तसा साधा रंग होता, पण त्यात कार्बनचे अतिसूक्ष्म तंतू मिसळलेले होते. वरून ट्रक गेला की तुळई किंचित वाकते. तुळई वाकली की तिच्या पोटाचा रंग ताणला जातो, तंतू एकमेकांपासून केसाच्या हजाराव्या भागाएवढे दूर जातात आणि रंगातून जाणाऱ्या विजेला अडथळा वाढतो. तो अडथळा मोजला की तुळईवर त्या क्षणी किती ताण आहे ते कळतं. पूर्वी अभियंते वर्षातून एकदा दोरावर लोंबकळत जायचे आणि टॉर्चच्या उजेडात भेगा शोधायचे. आता पुलाच्या अंगाचा प्रत्येक वीतभर भाग रात्रंदिवस स्वतःची अवस्था सांगत होता.

आणि पोलाद थकतं. बादलीची कडी एकदा वाकवली तर काही होत नाही, शंभरदा वाकवली तर तुटते. पुलाचंही तसंच, फक्त शंभराच्या जागी कोट्यवधी वेळा. या थकव्याचा नियम सरळ नाही. ताण दुप्पट झाला की झीज आठपट होते, तिप्पट झाला की सत्तावीसपट. उलट, एका ठरावीक मर्यादेच्या खालचा ताण पोलादाला जवळजवळ जाणवतच नाही. तेवढा ताण ते पिढ्यानपिढ्या सोसू शकतं.

प्रत्येक गाडीने किती झीज केली याची बेरीज करून यंत्रणा पुलाचं उरलेलं आयुष्य काढायची आणि पुलाच्या तोंडाशी मोठ्या अक्षरांत दाखवायची. नवा नियम असा होता, की आयुष्य दहा वर्षांच्या खाली गेलं की त्या पुलावरून अवजड वाहनं बंद. लोक बाजारभाव बघावा तसा तो आकडा बघत. दोन वर्षं तो साठीच्या घरात होता. मग या केळीच्या हंगामात उतारावरून गाडी सुटावी तसा तो घसरला. पन्नास, तीस, अठरा. त्या सकाळी तो साडेदहावर होता.

त्याच हंगामात साखळ्या सुरू झाल्या होत्या. विजेवर चालणारे पाच ट्रक रेडिओने एकमेकांना जोडलेले. पुढचा ट्रक माणूस चालवतो, मागचे चार त्याच्या मागोमाग आपोआप धावतात. त्यांचे ड्रायव्हर झोपले तरी चालतं. वाऱ्याचा विरोध कमी लागतो, वीज वाचते, माल वेळेत बंदरावर पोचतो. चिंचखेडी भागातली आखातात जाणारी सगळी केळी आता साखळ्यांनीच जात होती, आणि सगळ्यांत जास्त साखळ्या लीलाधर बोरोलेच्या होत्या. यंत्रणेच्या मते त्याचा एकेक ट्रक पंचवीस टनांच्या परवान्यावर चव्वेचाळीस टन नेत होता.

---

मुख्य अभियंता शिरसाठ खुर्चीत मागे टेकून बसले नाहीत. कल्याणीने त्यांना कधी टेकून बसलेलं पाहिलंच नव्हतं.

"शुक्रवारी समिती आहे, बोरोले मॅडम. अवजड वाहनं बंद करण्याच्या शिफारशीवर तुमची सही लागेल."

"आकडा अजून दहाच्या वर आहे, सर."

"शुक्रवारपर्यंत राहील?"

तिने मनात हिशेब केला. "नाही."

"मग?" त्यांनी शिफारशीचा कागद पुढे सरकवला. "हे बघा, मी खाली पडलेला पूल पाहिलाय. नदीत उभं राहून पाहिलाय. तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण बोर्डावर बोरोले, शिफारशीवरही बोरोले. सही उशिरा झाली तर लोक काय म्हणतील ते मी तुम्हाला सांगायला नको."

पूल बंद झाला की चिंचखेडीच्या मालाला ऐंशी किलोमीटरचा वळसा पडणार होता, तोही खालच्या अंगाच्या त्याहून जुन्या पुलावरून. जहाजं थांबत नाहीत. हंगाम अर्धा बाकी होता. आणि त्या सगळ्या भागात या सगळ्याचं कारण म्हणून एकच नाव घेतलं जाणार होतं.

ती तिथून थेट चिंचखेडीला भावाच्या घरी गेली.

वैजयंतावहिनींनी पाणी आणून दिलं, पण "जेवून जाय" म्हटलं नाही. त्या घरात असं पहिल्यांदाच घडलं.

"पॅकहाऊसमध्ये केळी भरणाऱ्या बाया काय म्हणून राह्यल्या माहीत आहे का?" वहिनी म्हणाल्या. "म्हणतात, तुमची नणंदच तुमच्या घरावर दगड टाकून राह्यली, आता बाहेरच्यांची काय गरज."

"वैजू, तिले बोलू दे," लीलाधर म्हणाला. तो ओट्यावर बसून होता. वाहतूकदारांच्या संस्थेचा तो अध्यक्ष होता, आणि रविवारच्या सभेत त्याचा राजीनामा मागायचा हे ठरून गेलं होतं.

"भाऊ, सरळ विचारते. एका गाडीत किती भरतोस?"

"चोवीस. कधी साडेचोवीस. काट्याची पावती दाखवू?"

"काट्यावाला तुझा वर्गमित्र आहे."

वाक्य तोंडातून गेलं आणि कल्याणीला वाटलं, हे आता परत घेता येणार नाही. लीलाधर हसला नाही, ओरडलाही नाही. तो उठला, आणि खुंटीवरची गाडीची चावी त्याने तिच्यासमोर ठेवली.

"तुझा काटा आण. तुझी माणसं आण. कुठं मोजायचं, कधी मोजायचं, तू ठरव. मले चोर म्हण, पण आधी मोज. मोजल्याशिवाय म्हणू नको, बस. एवढं तर तुझं शास्त्रसुद्धा सांगत असंल ना?"

---

तिने मोजलं. पुलाच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला, चाकांखाली ठेवायचे सपाट काटे मांडून. ते काटे तिने स्वतः आदल्या संध्याकाळी प्रयोगशाळेत प्रमाण वजनांशी ताडून पाहिले होते. सोबत सलीम तडवी होता, तिच्या हाताखालचा कनिष्ठ अभियंता. सातपुड्याच्या पायथ्याचा, आणि कितीही गंभीर प्रसंगी गंभीर राहू न शकणारा.

"चोवीस टन सहाशे," तडवीने पहिल्या गाडीचा आकडा वाचला. "मॅडम, यात भाऊंचा सकाळचा नाश्तासुद्धा आला बरं का."

दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी. एकही गाडी पंचवीसच्या वर नव्हती.

लीलाधर पहिल्या ट्रकच्या खिडकीतून पाहत होता. "पास का नापास?"

"पूल ओलांड. मग सांगते."

साखळी पुलावर गेली. कल्याणीने हातातल्या पडद्याकडे पाहिलं. काही वेळाने यंत्रणेचा निकाल उमटला. प्रत्येक गाडी चव्वेचाळीस टन.

तडवीने डोकं खाजवलं. "अर्ध्या किलोमीटरात गाडीमागं वीस टन चढलं. तापीचं पाणी भरून घेतलं का काय?"

कल्याणीला हसू आलं नाही. दोन्ही मापं तिची होती. काटे खरे होते, याबद्दल शंका नव्हती. रंगही खरा होता. तुळईवर तो ताण खरोखर आला होता आणि पूल खरोखर थकत होता. दोन खऱ्या गोष्टी एकमेकींशी जुळत नसतील, तर त्यांच्या मधली कुठली तरी तिसरी गोष्ट खोटी असते. ती तिसरी गोष्ट म्हणजे तिने लिहिलेलं गणित. ताणावरून वजन काढणारं.

दुपारी कार्यालयात तिने निकाल बाजूला ठेवला आणि रंगाकडून आलेली मूळ रेघ उघडली. या तीन वर्षांत तिने ती फार वेळा पाहिली नव्हती. निकाल तयार मिळत असताना रेघ कोण बघतं? साठच्या वेगाने जाणारी पाच ट्रकांची साखळी एक गाळा पंधरा सेकंदांच्या आत पार करते. रेघेवर त्याची लहान लहान लाटांची नागमोड दिसायला हवी होती. तिसऱ्या गाळ्यावर मात्र लाटांऐवजी एकच डोंगर होता. सावकाश चढलेला, बराच वेळ माथ्यावर थांबलेला, सावकाश उतरलेला.

"सलीम, ही साखळी तिसऱ्या गाळ्यावर हळू झाली."

"बिघाड असंल."

तिने कालची रेघ काढली. परवाची. मग इतर मालकांच्या साखळ्यांची. सगळ्यांचा डोंगर तिसऱ्याच गाळ्यावर होता.

तिच्या गणितात एक गृहीतक होतं. पुलाच्या तोंडाशी असलेला कॅमेरा साखळीचा वेग आणि दोन गाड्यांमधलं अंतर मोजतो. साखळी त्याच वेगाने, त्याच अंतराने पार जाते असं धरायचं. महामार्गाच्या पुलावर मधेच कोण कशाला हळू होईल? तिला तेव्हा हे इतकं उघड वाटलं होतं, की अहवालात तिने त्यासाठी स्वतंत्र वाक्यसुद्धा लिहिलं नव्हतं.

---

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पुलाच्या पायवाटेवर, तिसऱ्या गाळ्याच्या मध्यावर जाऊन उभी राहिली. खाली तापी संथ होती. चिंचखेडीकडून एक साखळी आली. पहिले दोन गाळे तिने सपाट्याने पार केले. मग पुढच्या ट्रकचे लाल दिवे लागले. ट्रक अगदी माणसाच्या चालीवर आला. ड्रायव्हर आपली जागा सोडून डाव्या बाजूला पार आडवा झाला, डाव्या खिडकीतून एक हात बाहेर आला, आणि कठड्याच्या जाळीवरून काहीतरी पिवळं नदीत गेलं.

मागचे चार ट्रक पुढे पुढे येत राहिले. आडवी काडी आली की मुंग्यांची रांग गोळा होते तसे ते एकमेकांना चिकटले. दोन गाड्यांमध्ये तीन-चार हात जागा उरली असेल नसेल. पाचही ट्रक, सव्वाशे टन, एकाच गाळ्यावर. कल्याणीला पायांखालचा पूल खाली जाताना जाणवला, पाळणा जातो तसा, आणि तो तिथेच थांबून राहिला.

पुढचा ड्रायव्हर सरळ बसला. साखळी पुन्हा वेगात निघून गेली. पूल वर आला.

"केळं," तडवी म्हणाला.

"केळं," कल्याणी म्हणाली.

आणि मग तिला हसू आलं, इतकं की तिने कठडा धरला.

चिंचखेडी भागातून केळीची गाडी निघाली की त्या मालातलं एक केळं तापीमाईला द्यायचं. भर मध्यावर, जिथे पाणी खोल आहे तिथे. बैलगाड्या होड्यांवर चढवून नेत होते तेव्हापासूनची ही रीत. कल्याणीलाही ती माहीत होती. त्या भागातल्या प्रत्येकाला माहीत होती, आणि म्हणूनच कोणी कोणाला सांगितली नव्हती. वजन किती, टायर किती, बॅटरी कुठली, सगळं विचारून झालं होतं. पाणी पिताना गिळता का, असं कोण विचारतं?

पण पूर्वी हे केळं क्लिनर टाकायचा. तो डाव्या खिडकीशीच बसलेला असायचा. गाडी धावत्या वेगात असताना त्याने हात बाहेर काढला की काम झालं. नव्या ट्रकांत क्लिनर राहिला नव्हता. ड्रायव्हर उजवीकडे, नदीचा कठडा डावीकडे. एकट्या माणसाला स्टिअरिंग सांभाळून केळं टाकायचं तर गाडी जवळजवळ थांबवावीच लागते. आणि साखळीचा संगणक गाड्यांमधलं अंतर मीटरमध्ये राखत नाही, सेकंदांत राखतो. साठच्या वेगाला एक-सव्वा सेकंद म्हणजे वीस मीटर. माणसाच्या चालीला तेच जेमतेम दोन.

रीत जुनी होती आणि ट्रक नवे होते. दोन्हींत वाईट काही नव्हतं. पण दोन्ही एकत्र आली तेव्हा तुळईवरचा ताण तिपटीवर गेला. पाच गाड्या सुट्या सुट्या गेल्या तर झीज पाच मापं, एका ठिकाणी गोळा झाल्या तर सत्तावीस. शिवाय सुट्या गाड्यांचा ताण त्या मर्यादेच्या खालीच राहतो, म्हणजे पुलाला त्यांचा त्रास जवळपास नाहीच. हंगामात पुलाने जे काही गमावलं होतं, ते सगळं या घडीभराच्या थांब्यात गमावलं होतं.

"म्हणजे भाऊ सुटले," तडवी म्हणाला.

"सगळेच सुटले. पूल सुटायचाय अजून."

---

साखळीचा संगणक बनवणाऱ्या कंपनीने फोनवर नम्रपणे सांगितलं, की पुलावर अंतर मीटरमध्ये राखण्याचा बदल करता येईल, पण चाचण्या आणि मंजुरी धरून सहा महिने लागतील. शुक्रवार उद्यावर आला होता.

कल्याणीने पॅकहाऊसच्या अंगणात ड्रायव्हरांना बोलावलं. केळीची रिकामी कॅरेटं उलटी घालून तीसेक जण बसले. लीलाधर मागे उभा होता, हाताची घडी घालून. तिने जमिनीवर खडूने पूल काढला, काडीपेट्या ट्रक म्हणून मांडल्या आणि काय होतं ते दाखवलं. तिने शेवटची काडीपेटी चिकटवली तेव्हा सुपडूमामांनी घसा साफ केला. त्या सगळ्यांत जुने ड्रायव्हर ते.

"म्हणजे तापीमाईला केळं द्यायचं बंद करा, असं म्हणायचंय का ताई तुमचं?"

"मामा, मी असं म्हटलं नाही."

"सरकारच्या तोंडून असंच निघतं. आधी म्हणतील हळू होऊ नका, मग म्हणतील नदीत काही टाकू नका, मग म्हणतील नदीकडं बघू नका."

हशा पिकला. कल्याणीही हसली, आणि हसणं ओसरेपर्यंत थांबली.

"मला एवढंच हवंय, की हळू झालेल्या गाडीच्या मागे गाड्या नकोत. पुलाला केळ्याचं ओझं नाही."

"मग शेवटच्या गाडीनं टाकावं," मागून लीलाधर म्हणाला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. "शेवटच्या गाडीमागं कोणी नसतं. तिचा ड्रायव्हर पुलाआधी उठंल, साखळी सोडंल, गाडी हातात घेईल. केळं टाकंल, मग पुढं जाऊन परत जुळंल. काय व, चालंल का?"

कल्याणीने पाचवी काडीपेटी मागे ओढली. ऐंशी मीटरच्या गाळ्यावर ती एकटी उभी राहिली. पंचवीस टन. मर्यादेच्या कितीतरी खाली.

"चालेल," ती म्हणाली. "मागून येणारी साखळी टोलनाक्यावरून थोडी उशिरा सोडायची, बस."

"पण मान पुढच्या गाडीचा असतो," सुपडूमामा म्हणाले. "पहिली गाडी जाणत्या माणसाची. शेवटच्या गाडीत काल भरती झालेलं पोरगं घोरत असतं. त्याच्या हातून तापीमाईला द्यायचं?"

"तर जाणत्यानं शेवटची गाडी घ्यावी," लीलाधर म्हणाला. "मी घेतो उद्या. संस्थेचा अध्यक्ष रांगेत शेवटी. रविवारपर्यंत तरी अध्यक्ष आहे ना मी?"

पुन्हा हशा झाला, पण या वेळी तो वेगळा होता. सुपडूमामांनी मान हलवली. "मग माझ्या साखळीत बी मीच शेवटी. बघू, पुढं कोण पळतं ते."

---

शुक्रवारी शिरसाठ पुलावर आले. समिती त्यांनी दुपारवर ढकलली होती. टोलनाक्याच्या पलीकडे साखळ्यांची रांग लागली होती, शीतपेट्यांच्या पंख्यांचा एकसुरी आवाज येत होता. आकडा सकाळीच दहा वर्षं एक महिन्यावर आला होता. आणखी एक वाईट दिवस, आणि पूल आपोआप बंद झाला असता.

"पुलाची सुरक्षितता ड्रायव्हरांच्या शब्दावर सोडायची?" त्यांनी विचारलं.

"शब्दावर नाही, सर. शब्द त्यांचा, पहारा रंगाचा. पुढची गाडी हळू झाली तर मला त्याच क्षणी दिसेल, आणि त्या साखळीचा परवाना रद्द होईल. हे त्यांनीच सुचवलंय."

"आणि तुमचं गणित पुन्हा चुकलं तर?"

"म्हणून तर आज प्रयोग. चुकलं तर मी इथेच सही करते. शिफारस बरोबर आणलीय."

शिरसाठांनी तिच्याकडे पाहिलं आणि टोलनाक्याकडे हात केला.

तडवीने शिट्टी फुंकली.

पहिली साखळी आली. पुढच्या गाडीत कालपर्यंत मागे झोपणारा ड्रायव्हर होता, पाठ ताठ करून, डोळे रस्त्यावर रोखून. पहिला गाळा, दुसरा, तिसरा. लाल दिवे लागले नाहीत. पडद्यावर लाटांची एक बुटकी नागमोड उमटली आणि मर्यादेच्या रेघेच्या खालूनच निघून गेली. चार गाड्या गेल्या. पाचवी मागे राहिली होती. लीलाधर तिसऱ्या गाळ्याच्या मध्यावर आला, गाडी चालीवर आणली, आणि अंगाने आडदांड असलेला तो माणूस डाव्या खिडकीपर्यंत पोचायला जी कसरत करत होता ती शिरसाठांनीही पाहिली.

केळं जाळीवरून गेलं.

पडद्यावर एक लहानशी, गुळगुळीत टेकडी आली. बराच वेळ राहिली, कारण लीलाधरने घाई केली नाही. मर्यादेच्या निम्म्यावर.

"यंत्रणा वजन किती सांगते?" शिरसाठांनी विचारलं. कल्याणीने आदल्या दिवशीच गणित बदललं होतं. आता ते तोंडाशी मोजलेलं अंतर धरून बसत नव्हतं, रेघेवरूनच प्रत्येक गाडीची जागा क्षणाक्षणाला काढत होतं.

"चोवीस टन पाचशे."

"आणि काट्यावर?"

"चोवीस टन सहाशे," तडवी मधेच म्हणाला. "शंभर किलोचा फरक आहे सर. आज भाऊंनी नाश्ता केला नसंल."

शिरसाठ हसले. त्यांना हसताना तडवीने पहिल्यांदाच पाहिलं, आणि तो इतका दचकला की पुढची शिट्टी फुंकायला विसरला.

दुसरी साखळी सुपडूमामांची. तिसरी, चौथी. कोणाचाही पुढचा ट्रक हळू झाला नाही. दुपारपर्यंत रांग संपत आली. झीज मोजणारा काटा सकाळभरात हललाच नाही म्हटलं तरी चालेल. यंत्रणेने झिजेच्या नव्या गतीने आयुष्याचा हिशेब पुन्हा मांडला. गेलेली झीज परत येणार नव्हती, पण यापुढे ती होणार नव्हती, आणि उरलेली ताकद कितीतरी वर्षं पुरणार होती. बोर्डावर चोपन्न हा आकडा आला तेव्हा टोलनाक्यावरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, कोणी तरी हॉर्न दिला, आणि मग रांगेतल्या प्रत्येक गाडीने दिला.

कल्याणीने शिफारशीचा कागद फाडला नाही. तिने त्यावर तिरपी रेघ मारली आणि खाली लिहिलं, की आजवर या पुलावर जादा भाराचा ठपका ठेवलेल्या सर्व वाहनांवरचा ठपका चुकीचा होता, दोष गणितातल्या गृहीतकाचा होता, आणि ते गृहीतक माझं होतं. मग पूर्ण नावाने सही केली.

शिरसाठांनी ते वाचलं. "हा रंग आणखी किती पुलांवर आहे?"

"अडतीस, सर."

"तिथेही साखळ्या जातात?"

"जातात. तिथे केळं नसेल. कुठे पुलाच्या टोकाला दर्गा असेल, कुठे नमस्कार करायचं देऊळ, कुठे चांगला चहा. बसून कळणार नाही, जाऊन बघावं लागेल."

"सोमवारी निघा. तडवींना घेऊन जा. आणि आता माल सोडा, जहाज थांबणार नाही."

लीलाधरचा फोन आला तेव्हा तो नदीपार दूर पोचला होता. त्याला संस्थेच्या लोकांनी तो कागद आधीच पाठवला होता.

"वाचलं व," तो म्हणाला. "सरकारी बहीण असली की बरं असतं. चुकली तरी लेखी चुकते."

"भाऊ, मी तुला त्या दिवशी काट्यावाल्याबद्दल जे बोलले—"

"मोजलंस ना? मोजल्यावर मानलंस ना? मग झालं." तो पुन्हा मोठ्याने, नेहमीसारखा ओरडला. "आता फोन ठेव. मले पुढच्या गाडीशी जुळायचंय. चहाले थांबलो, तर आपली पोरं पुढं सुसाट सुटली, म्हाताऱ्याले मागं टाकून."

ती पायवाटेने तिसऱ्या गाळ्यापर्यंत चालत गेली. शेवटची साखळी पुलावर येत होती. एक ट्रक पुढून गेला, मग मोकळी जागा, मग दुसरा, पुन्हा मोकळी जागा. प्रत्येक वेळी पूल तिच्या पायांखाली किंचित खाली गेला आणि पुरता वर आला.